शिवणीत ठेवलेली माया

आमची ही वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि मी शिंपी. तिचं तोंडावर कौतुक केलं की ती खेकसते, म्हणून तिच्या माघारी सांगून घेतो.

गेल्या वर्षी एका सकाळी वाचनालयाचा कॉम्प्युटर अडून बसला. पुस्तकांची यादी ज्या प्रोग्रॅममध्ये होती, तो विकणारी कंपनीच बंद पडलेली, आणि प्रोग्रॅम चालू राहायला नवी किल्ली, म्हणजे परवान्याचा कोड, मागत होता. देणार कोण, कप्पाळ? चार हजार पुस्तकांची यादी आत कोंडली गेली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, यादीच नाही तर वाचनालय कसलं? महिन्याभरात जमवा, नाहीतर पुस्तकं मोठ्या वाचनालयाला देऊन टाकू."

ही घरी आली ती गप्प. तीस वर्षांच्या संसारात हिला जेवताना गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"उसवता येत नाही असा कपडा शिवतातच कशाला?" मी करवादलो. आम्ही शिवणीत आतून जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. माणूस अंगाने सुटला की तेवढं उसवून कपडा वाढवता येतो.

ही एकदम म्हणाली, "अहो, माया ठेवलेले प्रोग्रॅमही असतात! जगभरची माणसं मिळून करतात आणि आतलं सगळं उघडं ठेवतात. कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा."

तसला एक तिने उतरवून घेतला. जुनी कागदी कार्डं रद्दीत घाला असं अध्यक्षांनी कधीच सांगितलं होतं, पण हिने ती कपाटामागे दडवून ठेवली होती. माझीच बायको ती! महिनाभर मान मोडून त्यांवरून सगळ्या पुस्तकांची यादी पुन्हा टाइप केली.

शेवटच्या दिवशी अध्यक्ष तपासायला आले. मीही गळ्यात टेप तशीच ठेवून धावलो. पहिलं पुस्तक एका निवृत्त मास्तरांना दिलं आणि चिठ्ठी छापून आली: "आपणास १ समस्या दिली आहे."

इंग्रजीत पुस्तक देणं म्हणजेही इश्यू आणि अडचण म्हणजेही इश्यू. मराठी करणाऱ्या कुणा बहाद्दराने नेमका नको तो अर्थ उचलला होता.

"बाई, घरच्या काय कमी आहेत?" मास्तर म्हणाले. सगळे खो खो हसले. अध्यक्षांनी मान हलवली, "फुकटचं असंच असायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही मात्र शांत. "फुकटचं म्हणू नका, खुलं आहे. दहा मिनिटं बसा." तिने प्रोग्रॅमच्या शब्दांची फाइल उघडली, ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: "पुस्तक दिले. सावकाश वाचा."

नवी चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा वाचली. "मलाही एक द्या," ते म्हणाले. "पुस्तक हं, समस्या नको." आणि वाचनालय जागच्या जागी राहिलं.

तो बदल हिने प्रोग्रॅम करणाऱ्यांना पाठवला आणि त्यांनी तो ठेवून घेतला. पुढे त्याचं काय झालं, आम्हाला पत्ता नव्हता.

परवा कापड आणायला दुसऱ्या गावी गेलो आणि तिथल्या वाचनालयात सहज डोकावलो. टेबलाशी एका बाईंच्या हातात चिठ्ठी होती: "पुस्तक दिले. सावकाश वाचा."

"हे माझ्या बायकोने लिहिलंय!" मी ओरडलोच. त्या बिचकल्या. म्हातारा चळला असं वाटलं असेल, वाटू दे. चिठ्ठी मागून घेतली आणि घरी येऊन हिच्या ताटाशेजारी ठेवली.

तीस वर्षांत दुसऱ्यांदा ही जेवताना गप्प बसली.