सुकाणूची टकटक

बुधाजीला जाऊन आठवडा झाला असेल. गोजाबाईनं दुपारचा चहा चुलीवरून उतरवला आणि मागच्या पडवीतून आवाज आला. टक. टक.

आवाज ओळखीचा होता. बुधाजी मागं शेंगेचं काम करत बसला की चहासाठी कधी हाक मारायचा नाही. चुन्याची डबी घ्यायचा आणि शेंगेच्या बुडावर दोनदा आपटायचा. म्हणजे काय, आण.

ती मागं गेली. पडवीत कोणी नव्हतं. लाकडी घोडीवर शेंग, शेंगेच्या शेपटीला लटकलेलं सुकाणू, आणि धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा. गोजाबाईनं चहाची कपबशी आणून शेंगेपाशी ठेवली. चहा निवला. शेवटी तिनंच पिऊन टाकला. माणूस गेला म्हणून काय साखर फुकट येते?

शेंग म्हणजे होडी. पलीकडच्या प्लॉटवर मुलुंडचे एक साहेब यायचे, त्यांनी आणलेली. ते तिला कयाक म्हणायचे. एका माणसापुरती, लांबट, निमुळती, मधे काठीला एवढंसं शीड. गोजाबाईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हाच म्हणाली, "ही तर शेवग्याची शेंग." तेच नाव पडलं. प्लॉटची राखण बुधाजीकडे होती. साहेब मुलाकडे परदेशात गेले ते परतले नाहीत. जाताना बुधाजीला म्हणाले, "ठेव तुलाच." बुधाजीनं तिची अशी निगा राखली की गोजाबाई म्हणायची, "माझ्या गुडघ्याला कधी एवढं मेण लावलं नाय तुमी."

मेण गुडघ्याला नाही, सुकाणूला लागायचं. शेंगेच्या शेपटीला पितळेच्या दोन कड्या. सुकाणूच्या पात्याची भोकं त्या कड्यांसमोर आणायची आणि वरून एक लांब खीळ सरकवायची. त्या खिळीवर सुकाणू दारासारखं फिरतं. कडी आणि खीळ एकमेकींना खाऊ नयेत म्हणून मधे नायलॉनचं बूश, करंगळीच्या टोकाएवढं. बुधाजी सांगायचा, "तेल नको. तेलाला रेती चिकटते. मेण लाव. आनि बूश झिजलं का बदल, नायतर खीळ खेळते, खीळ खेळली का कडी जाते, कडी गेली का मानूस."

शेवटच्या दिवशी तो तेच करायला बसला होता. शहापूरच्या लेथवाल्याकडून नवीन बुशं आणि खीळ करून आणली होती; बुशं चुन्याच्या डबीत होती, खीळ पडवीच्या वळचणीला. गोजाबाईनं चहा ठेवला. तो शेंगेला टेकून, डोळे मिटून, हातात पाना. "निवतोय हां," ती म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हाही तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही.

आता तो रोज दुपारी चहा मागत होता.

ही गोष्ट सांगायची कुणाला? छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बुधाजी बापाच्या खांद्यावर होता. त्या दिवसापासून घरात नवस नाही, उतारा नाही, पितरांना घास नाही. गावात कुणाला झपाटलं की बुधाजी मुद्दाम जाऊन विचारायचा, "काय म्हनतंय भूत? रेशनकार्ड हाय का त्याच्याकडं?" अशा माणसाचंच भूत झालं, हे त्याच्या बायकोनं कुठल्या तोंडानं सांगावं?

शेजारच्या सकुबाईला मात्र कळलं. तिला सगळंच कळायचं. दोघी कुंपणाशी उभ्या होत्या तेव्हाच आवाज आला.

"गोजे, ऐकलास?"

"वारा."

"वारा दोनदाच वाजतं? पान्याला नारळ सोड गो. कोंबडं दे एक."

"आमच्यात नाय चालत."

"तुमच्यात नाय चालत, ते म्या जाणतंय. पन तेला कोन सांगनार?"

गोजाबाईला हसू आलं आणि हसता हसता अंगावर काटाही आला. त्या दिवशी तिनं शेंगेसमोर बसून नवऱ्याला फैलावर घेतलं. "तुमीच म्हनायचात ना, भूत नसतं? आँ? मग आता कोन वाजवतंय?"

टक. टक.

"लाज नाय वाटत," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

शेंगेची निगा आता तीच राखायची. राखायलाच हवी होती, कारण त्यांची मुलगी संघरत्ना पाण्यापलीकडच्या वाडीवर अंगणवाडी चालवायची. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा, आणि एसटीचा भरवसा नाही. शेंगेतून पोरगी इकडं भाकऱ्या भाजून होईस्तोवर पोचायची. पायाशी दोन पट्ट्या, त्यांना बांधलेल्या दोऱ्या मागं सुकाणूला. डावा पाय दाबला की शेंग डावीकडे. त्या दोऱ्या विरल्या तेव्हा गोजाबाईनं म्हसा गावच्या जत्रेतून बैलाच्या वेसणीची नायलॉन दोरी आणून घातली. मेण ती लावायची. पात्याचे स्क्रू ती आवळायची. पाण्यातून आल्यावर चिखल ती धुवायची. फक्त बुशाला तिनं हात लावला नाही.

कारण तिला सगळं कळत होतं. एकदा वारा सुटलेला असताना तिनं सुकाणूचं पातं मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. पडवी गप्प झाली. एवढी गप्प, की तिनं घाबरून हात सोडला. बूश बदललं आणि आवाज थांबला, तर ते झिजलेलं नायलॉन होतं, दुसरं कुणी नव्हतं. मग चहा एकाच कपाचा.

"आये, दोऱ्या नव्या, स्क्रू नवे," संघरत्ना म्हणायची. "मंग ह्याच खिळीला काय सोनं लागलंय? हलतंय ते."

"चालतंय अजून."

"बाबा असते तर चालू दिलं असतं?"

गोजाबाई मनात म्हणायची, असते कशाला, हायत.

मग पावसाळ्यानंतरचा तो दिवस. धरण काठोकाठ भरलेलं. गोजाबाई काठावर भांडी घासत होती. पलीकडून शेंग निघालेली तिला दिसली, शीड फुगलेलं. मधोमध आली आणि डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला. शेंगेनं तोंड फिरवलं. घराकडे नाही, बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे. संघरत्ना पाय दाबत होती, शेंग ऐकत नव्हती. खालच्या कडीतून खीळ निसटली होती आणि सुकाणू दोरीला धरून मेल्या माशासारखं मागं ओढलं जात होतं.

गोजाबाईनं हाक मारली. मुलीला नाही. नवऱ्याला.

"अवो! धरा तिला!"

कुणी धरलं नाही. पाण्यावर काही वाजलं नाही. संघरत्नानंच शीड खाली ओढलं, वल्हं काढलं आणि हात भरून येईस्तोवर वल्हवत काठ गाठला. खुंटाला घासून शेंगेच्या कुशीवर लांब ओरखडा उठला होता. पोरगी चिंब भिजली होती. ती आईवर ओरडली नाही, लोंबणारं सुकाणू उचलून तिनं आईपुढं धरलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चुन्याची डबी आन," गोजाबाई म्हणाली.

दोघींनी शेंग घोडीवर चढवली. गोजाबाईनं खीळ उपसली. ती मधोमध खंगली होती, म्हाताऱ्याच्या बोटासारखी. जुनी बुशं एका बाजूनं कागदाएवढी पातळ झालेली. डबीतली नवी बुशं तिनं चुना पुसून बाहेर काढली. बसवायच्या आधी कडी आतून कापडानं साफ केली, बूश अंगठ्यानं दाबलं, दुसरं दाबलं, नव्या खिळीला मेण फासलं. पातं जागेवर धरून तिनं संघरत्नाला खूण केली. खीळ वरून गेली ती खालपर्यंत, कुठं अडली नाही, कुठं हलली नाही. ती सरकू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाच्या भोकात कडं अडकवलं. बुधाजीचं अर्धं राहिलेलं काम पुरं झालं.

"घट्ट बसलं," संघरत्ना म्हणाली आणि ओले कपडे बदलायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजाबाईनं चहा उतरवला. वारा आला. पडवीतलं वाळत घातलेलं लुगडं हललं, शेवग्याचा पाला हलला. सुकाणू जरा वळलं आणि मेणावरून मऊ परत आलं. आवाज नाही. तिनं वाट पाहिली. वारा वाढला. आवाज नाही.

दोन कप घेऊन ती मागं गेली आणि शेंगेपाशी बसली.

"तुमचंच खरं," ती म्हणाली. "भूत नसतं."

आणि तो हो म्हणेल म्हणून चहा निवेपर्यंत बसून राहिली.