काकांच्या मापाचे मोजे

माझी मावशी तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करत होती. शर्ट तिच्या टेबलावर यायचा तो पूर्ण शिवून. तिचं काम सात बटणं लावण्याचं. बटण तुटून माल परत आला की मुकादम सगळ्यांसमोर नाव घ्यायचा, म्हणून ती प्रत्येक बटणाखाली दोनदा गाठ मारायची. मुकादमच म्हणायचा, "हिचं बटण कापडासकट निघेल, पण सुटायचं नाही."

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, विजेचे मीटर वाचायचे. दिवसभर जिने चढायचे, उतरायचे. पन्नाशीत त्यांना साखर निघाली. त्यांनी गोळ्या मनावर घेतल्या नाहीत आणि दोन-चार वर्षांत तळव्यांची जाणीव गेली. एकदा त्यांच्या बुटात कपाटाची किल्ली पडली. ते दिवसभर तिच्यावर चालले आणि घरी येऊन किल्ली शोधत बसले. ती बुटात सापडल्यावर आम्ही सगळे हसलो. काकाही हसले.

बाजारातले मोजे त्यांना चालेनात. पोटऱ्यांवर सूज असायची, त्यामुळे इलॅस्टिकचा करकोचा पडायचा. सैल घेतले तर टाचेखाली गोळा व्हायचे. मावशी शेजारणीकडून क्रोशा शिकली. पहिली जोडी तिनं पायाच्या मापाएवढीच विणली आणि ती पिशवीसारखी लोंबली. मग शेजारणीनं सांगितलं की पंजाचा घेर नऊ इंच असेल तर मोजा आठचा धरायचा, म्हणजे तो अंगाबरोबर बसतो. क्रोशाची वीण मशिनच्या मोज्याइतकी ताणली जात नाही, तेव्हा बारीक सूत घ्यायचं आणि दर चार ओळींनी पायात घालून बघायचं. मावशीनं काकांना खुर्चीत बसवून ठेवलं. टाच तिनं तीनदा उसवली. चौथ्यांदा मोजा बसला तो असा, की कुठे सुरकुती म्हणून नाही.

"काय गं, कातडीच विणलीस की," काका म्हणाले. ऑफिसात त्यांनी बूट काढून मोजे दाखवले. मोजे रोज हवेत म्हणून ते स्वतः धुवायचे.

तीन आठवड्यांनी मोजा निघेना. तो पायाला चिकटला होता.

दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी तो पाण्यानं भिजवून सोडवला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, खोल जखम होती. डॉक्टरांनी मोजा उलटा करून बोटानं चाचपला. सूत संपून नवं जोडलं होतं, तिथं गाठ होती, मसुरीएवढी. दोनदा मारलेली.

"कुणी विणलाय हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी मोजा ट्रेमध्ये ठेवला आणि ते जखमेकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती नंतर मला म्हणाली. अंगठा काढावा लागला. महिन्याभरात शेजारची दोन बोटंही गेली. काकांची नोकरी सुटली. त्यांची थोरली बहीण भेटायला आली आणि पलंगाशी उभी राहून म्हणाली, "एवढी हौस कशाला करायची? बाजारात मोजे मिळत नव्हते का?" काकाच म्हणाले, "ताई, पाय माझा होता आणि मला कळलं नाही. तिला कसं कळणार?"

घरी येऊन मावशीनं क्रोशाच्या सुया शेजारणीला देऊन टाकल्या.

पुढचे सहा महिने काकांना विकतचे मोजे घालावे लागले. बोटं नसलेल्या जागी मोज्याचं रिकामं टोक दुमडायचं आणि बुटात घासायचं. तिथं कातडी लाल झाली. सिस्टर म्हणाल्या, "या पायाला कुठल्याच दुकानात मोजा मिळायचा नाही, मावशी. तुम्हीच काहीतरी करा."

"मी हात लावणार नाही," मावशी म्हणाली.

काका तिच्यावर आयुष्यात दोनदाच चिडले असतील. त्यातली ही एक वेळ. म्हणाले, "मग राहिलेला पायही जाऊ दे. तू हात स्वच्छ ठेव."

दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडून सुया मागून घेऊन आली. जमिनीवर कागद पसरून तिनं काकांचा पाय पेन्सिलनं आखला, तुटक्या बोटांच्या कडेसकट. डाव्या पायाचा वेगळा कागद, उजव्याचा वेगळा. या वेळी सूत जोडताना गाठ नाही. जुनं आणि नवं टोक हातभर बरोबर घेऊन विणायचं. तीस वर्षांची सवय होती, बोटं आपसूक गाठीकडे वळायची. ती स्वतःच्या बोटावर फटका मारायची आणि टाका उसवायची. मोजा झाला की आत हात घालून टेबलाच्या कडेवर जोर देऊन घासायची. जिथे तिला टोचलं, तिथून पुढचं सगळं उसवलं. एका जोडीला पाच आठवडे लागले.

तो पाय पुन्हा कधी फुटला नाही. काका त्यानंतर तीन वर्षं जगले आणि किडन्यांनी गेले. दवाखान्यातून त्यांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत मिळाले तेव्हा मावशीनं आधी मोजे काढून पाहिले. तळ पांढरा स्वच्छ होता. तिला रडू आलं नाही. "पाय राहिला," एवढंच ती म्हणाली.

सिस्टरनी नंतर तिच्याकडे माणसं पाठवायला सुरुवात केली. कुणाची दोन बोटं नाहीत, कुणाची टाच अर्धी. मावशी प्रत्येकाचा पाय आखून घ्यायची आणि माप द्यायला यायचा कंटाळा करणाऱ्याला सरळ नाही म्हणायची. एकदा तिच्याबरोबर बसले असताना मी म्हटलं, "मावशी, आता तरी ते मनातून काढून टाक. तू काही मुद्दाम केलं नव्हतंस."

"मुद्दाम नाहीच केलं," ती म्हणाली. "पण केलं मीच. तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलता. तुझे काकाही असंच बोलले आणि गेले. मला बरं नाही वाटत, आणि नाही वाटलं तरी चालतं. तू ते सूत इकडे दे."

तिची गिऱ्हाईकं टिकायची नाहीत. सगळी आधीच आजारी माणसं. जोडीतला एक मोजा पूर्ण आणि दुसरा टाचेपर्यंत आलेला असताना निरोप यायचा की आता नको. मावशी निरोप्याला पाणी द्यायची, कागदावरचं नाव खोडायची आणि दोन्ही मोजे उसवून सूत गुंडाळून ठेवायची. मग यादीत पुढचा पाय कुणाचा आहे ते बघायची.