क्वारी रोडचं बारा इंची गटार

अकरा वर्षं लोरेन पेल्की वेल्डन फॉल्सच्या गावसभेत एकच मागणी घेऊन उभी राहायची: क्वारी रोडच्या ट्रेलर वस्तीपर्यंत गावाचं गटार आणा. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली बाई. आवाज असा, की माइक लागायचा नाही. वस्तीत चाळीस ट्रेलर, म्हणजे ओढून आणून ठेवलेली पत्र्याची घरं. घर ज्याचं त्याचं, खालची जमीन मात्र एकाच मालकाची. सेप्टिक टाक्या तुंबलेल्या. बर्फ वितळला की मैला अंगणात वर यायचा. गावाच्या मोठ्या कामांच्या भांडवली योजनेत त्यांचं गटार दरवर्षी ‘पुढील पाच वर्षांत’ या रकान्यात दिसायचं आणि ती पाच वर्षं काही संपायची नाहीत. गोल्फच्या मैदानाजवळचा पदपथ तेवढ्यात दोनदा नवा झाला.

यंदा मे महिन्यातल्या एका शनिवारी, शाळेच्या जिममध्ये, गटार ठरावाला आलं. जेमतेम सात लोक विरोधात गेले. कुणी भांडलंसुद्धा नाही. तिथंच तिला खटकायला हवं होतं. पण मतदानाची पिवळी कार्डं वर गेली तेव्हा सगळ्यात आधी तिचंच होतं.

शेजारीण गर्ट लाड्यूनं तिला मिठीच मारली. “बघच तू म्हातारे, तुझा पुतळा उभारतो आम्ही!”

“त्याच्या खाली संडास बांधा, मग चालेल.”

जेवणाच्या सुट्टीत राजमा-खिम्याच्या चिलीचा वाडगा घेऊन लोरेन भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. दुपारचा ठराव जमीनवापराच्या नियमांचा होता. भांडवली योजनेची ओळन् ओळ तिनं वाचली होती. हे नियम मात्र वकिलांचं काम म्हणून दरवर्षी सोडून दिले होते. नकाशात सगळा क्वारी रोड जांभळा. जांभळा म्हणजे खाली दुकानं, वर चार मजले. ट्रेलर वस्तीचं नाव परवानगीच्या यादीतून उडालेलं. आहे ती राहील, पण मालक विकेपर्यंत.

बाजूलाच गावाचा अभियंता सँडविच खात उभा होता.

“पाइप केवढा रे टाकताय?”

“बारा इंची.”

“चाळीस ट्रेलरना?”

“चाळीसना आठ इंची भरपूर झाला. हा पुढचा विचार करून.”

“पुढचा म्हणजे कुणाचा?”

त्यानं मोठा घास घेतला आणि चावत राहिला.

 चाळीस वर्षांचा ट्रेलर उचलायला गेलं की मोडतो. जमीन विकली गेली, की माणसं रस्त्यावर. पाइप नसेल तर मात्र चार मजले बांधायला ती जमीन घेतंय कोण?

झालेला ठराव पुन्हा उघडायचा, तर मागणी जिंकलेल्या बाजूच्या माणसानंच करायची, असा तिथला नियम. त्या सात जणांना ते करता येत नव्हतं. लोरेनला येत होतं.

“अध्यक्ष,” सुट्टी संपताच ती उठली, “सकाळचा गटाराचा ठराव पुन्हा घ्या. मी बाजूनं मत दिलं होतं. चुकले.”

“अकरा वर्षं आमचं डोकं खाल्लंस, आता नको झालं होय?” मागून कुणीतरी ओरडलं. जिम खदखदून हसली.

गर्टनं तिची बाही ओढली. “खाली बस! वेड लागलंय का तुला?”

“गर्ट, तो पाइप आपल्यासाठी नाहीये गं.”

“काल माझ्या न्हाणीत पुन्हा वर आलं. तू येणारेस पुसायला?”

 लोरेन बसली नाही, एवढंच.

मतं मोजणारे रांगारांगांतून फिरले. वस्तीच्या अख्ख्या रांगेत एकच कार्ड वर होतं. मागणी पडली. जांभळा नकाशा मग दहा मिनिटांत मंजूर झाला. लोरेनबरोबर आलेली गर्ट घरी दुसऱ्याच्या गाडीतून गेली.

जूनमध्ये मोजणीवाले आले. डांबरावर हिरव्या रंगाची रेघ मारत वस्तीच्या मधून निघाले. रेघ सरळ चालली होती, कुठल्याच दाराकडे वळत नव्हती. लोरेन आपल्या पायरीवरून बघत होती. समोर गर्ट त्यातल्या एकाला कॉफी देत होती, किती दिवसांनी खुशीत.

“आमची जोडणी कुठं येणार, बाळा?”

“घर नंबर?”

“सतरा.”

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, बोट ठेवून पाहिलं.

“इथं घर नाहीये, मॅडम. इथं पार्किंग आहे.”