टाक म्हटल्याशिवाय टाकायचं नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, पावसाळा तोंडावर असताना, आमची पायोनियर कंपनी आसामपलीकडच्या डोंगरात पोस्ट झाली. पायोनियर म्हणजे बंदुकीपेक्षा कुऱ्हाड आणि फावडं जास्त हाताळणारा शिपाई. रस्ते फोडायचे, पूल टाकायचे, इन्फंट्रीसाठी बंकर खणायचे. पहाटे पाचला रेव्हेलीचा बिगुल, साडेपाचला पीटी, सहाला चहा, साडेसहाला फॉल-इन. मग दिवसभर जंगलातून ओंडके वाहायचे. एका ओंडक्याला दोन माणसं. माझ्या ओंडक्याच्या पुढच्या टोकाला शेख करीम असायचा, मागच्या टोकाला मी, नामदेव. दोघंही वऱ्हाडातल्या केनवडचे, एकाच गल्लीतले.

करीम तिथे आपणहून आला नव्हता. त्याला मी नेलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी रिसोडच्या बाजाराच्या दिवशी रिक्रूटिंग पार्टी आली होती. भरतीची हौस माझी. करीम नुसता सोबत आला होता. डॉक्टरने दोघांना उघडं उभं करून टेप लावला. मी पास झालो. करीमला बाजूला काढलं. तो पिंजाऱ्याचा मुलगा, लहानपणापासून कापसाच्या धुळीत बसलेला. उंची होती, पण छाती आत गेलेली. पार्टीतल्या नाईकाने त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून दाखवली. "इतकी कमी आहे. दिवाळीनंतर आम्ही परत येऊ. भरून आण, मग घेऊ."

करीम सदरा घालत हसला. "चाल नाम्या, भजे खाऊ."

त्याला काहीच वाटलं नव्हतं. वाटलं ते मला, कारण एकट्याने जायची मला धास्ती होती. छाती भरलेली, पण आत काळीज सशाचं. मी नाईकाला म्हटलं, मीही दिवाळीनंतरच येतो, दोघं मिळून. आणि वाटेत करीमच्या मागे लागलो.

"तुही छाती मी भरतो. दोन बोटं म्हंजे काय लय झालं का?"

"कायले? मले कुठं लढाईले जायचं हाय?"

"मी एकटाच जाऊ का मंग?"

केनवड येईपर्यंत तो माझ्या पुढे पुढे चालत राहिला. गावात शिरताना म्हणाला, "सकाळी किती वाजता येऊ?"

आजकाल गावातली पोरं मला विचारतात, आबा, व्यायामाला काय काय सामान लागतं? मी सांगतो, घरात जे मोडलेलं आहे ते सगळं. आमचं सामान तसंच जमलं. माझ्या आईच्या जात्याची तळी फुटली होती, तिचा मोठा तुकडा छातीवरून वर ढकलायला घेतला. सरकीच्या रिकाम्या बारदानात नदीची वाळू भरली आणि तोंड दाभणाने शिवलं. ते पोतं खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं. मोटेचा जुना नाडा चिंचेच्या फांदीला बांधून त्यावर चढायचं. आणि सगळ्यात कामाची वस्तू करीमच्याच घरची निघाली. पिंजारी कापूस पिंजताना धनुकलीच्या ताणलेल्या तातेवर मारतो तो लाकडी ठोकळा दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये मुठीपुरता बारीक असतो. करीमच्या वडिलांचे, गफूरचाचांचे, असे दोन जुने ठोकळे होते. करीम ते दोन्ही हातांत घेऊन फिरवायचा. पुढे ट्रेनिंग सेंटरला पीटी हवालदाराने डंबेल दाखवले, तेव्हा करीम मला हळूच म्हणाला, "हे तं अब्बाचे ठोकळे होयेत बे."

खुराक म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि रात्री भिजवलेले हरभरे. बदाम-पिस्ते पैलवानांना लखलाभ.

पहिल्या आठवड्यात करीम वजन मनाला येईल तेव्हा खाली टाकायचा. एकदा जात्याचा तुकडा माझ्या पायाच्या अंगठ्याजवळ पडला. मी चिडलो आणि नियम केला.

"मी टाक म्हनल्याशिवाय टाकायचं नाई. जीव गेला तरी नाई."

"बरं."

करीमचं 'बरं' म्हणजे बरं. त्यात पुढे वाद नसायचा.

दिवाळी जवळ आली होती. एका सकाळी तो वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन आमच्या अंगणात उभा होता. मी मोजत होतो. तेवढ्यात आमचा बैल दावं तोडून पळाला. "येतो बे," म्हणून मी धावलो. आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, अपशकुन असतो. मसणात निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणेल. तोंडाची सवयच ती. बैल नदीपलीकडे सापडला. त्याला बांधून, वाटेत एकाशी गप्पा मारून मी परतलो तर करीम तसाच उभा. मांड्या थरथरत होत्या, ओठ पांढरे पडले होते.

"काहून टाकलं नाई बे?"

"तू टाक म्हनला कुठं? येतो म्हनला."

मी पोट धरून हसलो. आणि ही गोष्ट गावभर सांगितली, माझ्या उस्तादकीची मिजास म्हणून. गफूरचाचा तेवढे हसले नाहीत. धनुकली बाजूला ठेवून म्हणाले, "नामदेव, माह्यं पोरगं शब्दाले धरून उभं राह्यते. तू शब्द इसरत जाऊ नको बेटा."

"नाई इसरत, चाचा."

दिवाळीनंतर टेप पुन्हा लागला. छाती भरली होती, वर अर्धं बोट जास्तच. वाशीम स्टेशनवर गाडी हलली तेव्हा चाचा माझ्याकडे बघत होते, करीमकडे नाही.

कंपनीत करीमचं नाव झालं. आमचा सेक्शन कमांडर हवालदार सुर्वे कोकणातला, बोलायला कमी आणि शिस्तीला कडक. ओंडका खाली ठेवायची ऑर्डर होती 'नीचे रख'. पण करीम त्या ऑर्डरला हलायचा नाही. मी मागून 'टाक' म्हटलं की मगच खांदा काढायचा. सुर्वे पहिल्यांदा भडकले. नंतर त्यांच्या ध्यानात आलं की याच्यात फायदा आहे. ओंडक्याचं एक टोक आधी सुटलं तर दुसऱ्याचा खांदा मोडतो. आमच्या जोडीत ते कधीच झालं नाही. महिन्याभरात अख्खा सेक्शन 'टाक' वर ओंडके टाकायला लागला. पंजाबी ड्रायव्हरसुद्धा आम्हाला बघून 'टाक, टाक' ओरडायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

जूनच्या मध्यावर आम्ही एका टेकडीच्या उतारावर बंकर क्रमांक तीनचं छप्पर दुरुस्त करत होतो. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. माती फुगली होती. आत चौघं: हवालदार सुर्वे, मी, करीम आणि लक्ष्मण नावाचा साताऱ्याकडचा शिपाई. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शत्रूच्या तोफेचा पहिला शेल खाली नाल्यात पडला. दुसरा वर. तिसऱ्याने बंकरचा मधला खांब उडवला.

छपराचा मुख्य ओंडका एका टोकाने खाली आला. त्याच्याखाली लक्ष्मणचा पाय आणि सुर्व्यांचा हात सापडला. वरची माती सरकायला लागली. करीम काही न बोलता बसला, खांदा ओंडक्याखाली घातला आणि उठला. आमच्या अंगणात पोतं घेऊन उठायचा, तसाच. ओंडका वीतभर वर गेला.

"निकालो!" सुर्वे ओरडले.

मी आधी त्यांचा हात सोडवला. ते रांगत बाहेर गेले आणि फील्ड टेलिफोनवर बोलायला लागले. आम्हाला आत ऐकू येत होतं.

"बंकर तीन. एक आदमी दबा है. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

मग मी लक्ष्मणला ओढलं. त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. मी त्याला पाठीवर घेतलं. आता ओंडक्याखाली करीमशिवाय कोणीही नव्हतं. दार करीमपासून दोन पावलांवर होतं. खांदा काढून पुढे उडी मारली असती तर तो बाहेर पडला असता. हे तेव्हाही मला कळत होतं.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड मातीने भरलेलं. मला एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हटलं, "येतो."

तोंडातून निघून गेलं. कुठूनही निघताना निघतं तसं. माझ्या मनात होतं, मी निघालो, तूही नीघ. त्याने ऐकलं ते मी बोललो ते.

"बरं," तो म्हणाला.

लक्ष्मणला घेऊन मी उतारावरून नाल्यात आलो. स्ट्रेचर-बेअरर येऊन थांबले होते. त्यांनी लक्ष्मणला घेतलं, रक्त थांबवायला पायाला टूर्निके बांधला. माझे हात रिकामे झाले. वरून सुर्वे ओरडत होते, "करीम, बाहर आ! बाहर!" आणि करीम येत नव्हता. का येत नाही, हे त्या टेकडीवर फक्त मला माहीत होतं. नाल्यापासून बंकर पन्नास पावलं. ओरडलो असतो तरी चाललं असतं. पण तेवढ्यात अजून दोन शेल पडले आणि मी नाल्याच्या काठाला तोंड खुपसून पडून राहिलो. माझा आवाजच निघाला नाही. किती वेळ ते नक्की सांगता येणार नाही. तीन मिनिटं असतील. चारही असतील.

मग मी उठलो आणि वर धावलो. अर्ध्या वाटेत असताना छप्पर बसलं. फार मोठा आवाज झाला नाही. ओली माती बसते तसा.

आम्ही त्याला नऊ वाजता बाहेर काढलं. तो गुडघ्यावर होता, आडवा पडलेला नव्हता. ओंडका अजून खांद्यावर होता.

सुर्व्यांनी मला विचारलं, "तू कुठे होतास?"

"लक्ष्मणचा पाय बांधत होतो, साहेब."

तेच रिपोर्टमध्ये गेलं. पाय मी बांधला नव्हता हे लक्ष्मणला माहीत होतं, पण तो कधी बोलला नाही. त्याला वाटत असावं, मी त्याचा जीव वाचवला. जीव करीमने वाचवला होता. दर दसऱ्याला लक्ष्मणचं पत्र यायचं, 'तुमचे उपकार', आणि ते वाचताना माझे कान तापायचे.

लढाई संपल्यावर मी केनवडला आलो. पहिल्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गफूरचाचांच्या दारात उभा राहिलो. ते कापूस पिंजत होते. हातात तोच जुना ठोकळा होता, करीमच्या मुठीने गुळगुळीत झालेला. त्यांनी धनुकली थांबवली, मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मग विचारलं. मी सांगितलं. शेल, खांब, ओंडका, दोन माणसं वाचली ते. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. रडले नाहीत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं,

"तू त्याले टाक म्हनला होता ना?"

माझ्यासमोर पाण्याचा गिलास होता. मी त्याच्याकडे पाहत म्हटलं, "हो चाचा. म्हनलो होतो."

त्यांनी लांब श्वास सोडला. "मंग बरं. मले तेच लागून राह्यलं होतं. म्हनलं, माह्यं पोरगं तिथं वाट पाहत उभं तं नाई राह्यलं. अल्लाची मर्जी. तुह्या हातात जे होतं ते तू केलं बेटा."

मी उठलो. दारात आल्यावर नेहमीचा शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडकला. मी म्हटलं, "जातो, चाचा."

"जातो म्हनू नये," ते म्हणाले. "येतो म्हन."

"येतो," मी म्हटलं.

आणि परत त्या दारात गेलो नाही. चाचा त्यानंतर सात वर्षं जगले, त्याच गल्लीत, आमच्या घरापासून चौथ्या दाराला. मी मागच्या बाजूने, उकिरड्यावरून जायचो. कधी कधी धनुकलीचा आवाज थांबायचा. मला वाटायचं, ते दाराकडे बघत असतील.

त्यांना खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, किंवा दिल्या नसत्या. दोन्हींची मला भीती वाटली. नाल्यात वाटली होती तशीच.

वाळूचं बारदान कधीच कुजून गेलं. जात्याचा तुकडा अंगणात आहे. पोरं तो छातीवर घेऊन ढकलतात. मी बाजूला खाटेवर बसतो. त्यांच्यापैकी कोणी वजन वर धरलं असेल तर मी उठत नाही. कोणी हाक मारली, तरी नाही. आधी 'टाक' म्हणतो. दगड मातीला टेकलेला डोळ्यांनी पाहतो. मगच जागेवरून हलतो.

शिपाई शेख करीम, वडिलांचं नाव शेख गफूर, राहणार केनवड. बंकर क्रमांक तीनमध्ये कामी आला. छाती दोन बोटं कमी होती. ती मी भरली.