चहाच्या डब्याचं पिवळं फडकं

बायको गेली त्याच्या पुढच्याच रविवारी दादा ड्रायव्हर इंजिन पेटवायला शेडवर हजर झाला, आणि गावातल्या जिभांना वर्षभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. कुणी म्हणालं, माणूस नव्हे, धोंडा आहे. कुणी म्हणालं, धोंड्यालाही कधीतरी पाझर फुटतो. सलूनवाल्याने तर दादाचं दुसरं लग्नही ठरवून टाकलं. त्याच्या खुर्चीत आजवर अशी पुष्कळ लग्नं जमली आहेत. नवरा-नवरीला तेवढी कुणकुण लागलेली नसते.

हे दादाच्या कानावर जात नव्हतं असं नाही. गाव लहान, आणि सांगणाऱ्यांत मी होतो. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि तेलाची झारी उचलून इंजिनाखाली शिरायचा. दोन शिव्या हासडल्या असत्या तरी आम्हाला बरं वाटलं असतं.

आमची गाडी कुठे पोचण्यासाठी नसते. तिकीटखिडकीत बसून नवख्यांना हे समजावता समजावता माझे दात पडले. डोंगरातली जुनी, बंद पडलेली लाईन. हौशी मंडळींनी संस्था काढून ती जगवली. एक वाफेचं इंजिन आणि त्यामागे चार डबे. वसंतात फुलांची फेरी, उन्हाळ्यात संध्याकाळची, पानगळीत लाल डोंगराची आणि कडाक्याच्या थंडीत धुक्याची. गाडी वर जाते, वरच्या स्टेशनावर इंजिन पाणी पितं आणि गाडी परत येते. एवढ्यासाठी लोक कुठून कुठून येतात. आम्ही त्यांना गाडीवेडे म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. बायकोचा वाढदिवस विसरणारा माणूस आमच्या इंजिनाचा बॉयलर कधी बदलला ते झोपेत सांगतो. एक जण लांब काठीला केसाळ माईक बांधून आणतो. दुरून वाटावं, मांजर वाळत घातलंय. त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना कुणी शिंकलं, तर त्या माणसाशी वर्षभर अबोला.

या मंडळींसाठी मधल्या वळणावर फोटोथांबा असतो. गाडी थांबते, सगळे उतरून उतारावर कॅमेरे रोखून उभे राहतात. रिकामी गाडी मागे वळणाआड जाते आणि मग धूर ओकत, धापा टाकत त्यांच्यासमोरून दौडत पुढे जाते. थोडं पुढे जाऊन थांबते, मागे येते, सगळ्यांना चढवून घेते आणि मगच वर निघते. म्हणजे जी गाडी चुकू नये म्हणून माणसं पहाटे उठतात, तीच गाडी आपल्याला सोडून जाताना बघायला तिकीट काढतात. यातलं शहाणपण मला अजून उमगलेलं नाही.

परत चढताना घोळ व्हायचा तो चहाच्या कपांचा. शेवटचा डबा चहाचा, आणि तो वहिनींचा. वहिनी म्हणजे दादाची बायको. लोक कप हातात घेऊनच उतारावर जायचे आणि गवतात विसरायचे. वहिनी म्हणायच्या, माणूस राहिला तर पुढच्या फेरीला चालत येईल, कप थोडाच येणार आहे. सगळे कप परत आले की त्या दारात उभ्या राहून एक पिवळं फडकं हलवायच्या. इंजिनातून दादाचा हात बाहेर यायचा आणि गाडी निघायची. गार्डसाहेब हिरवा झेंडा दाखवायचे ते वेगळंच. गार्डसाहेब हे निवृत्त मुख्याध्यापक. झेंड्याला इस्त्री करून आणणारा माणूस. नवरा-बायकोचे हे पिवळे लाड त्यांना पसंत नव्हते. ही रेल्वे आहे, वाळवणाची दोरी नव्हे, असं ते माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचे. मी लगबगीने जाऊन ते वहिनींना पोचवायचो. पुढच्या फेरीला फडकं दुप्पट जोराने हलायचं.

गेल्या पानगळीत वहिनी गेल्या. सकाळी कप विसळताना चक्कर आली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर चहाचा डबा वहिनींच्या धाकट्या बहिणीने हाती घेतला. धाकटी ही संस्थेची सेक्रेटरी. बाई कामाला वाघ, आणि बोलण्याला कात्री. ती बहिणीसाठी दोघांच्या वाटचं रडली. दादाचं सगळं तिने माफ केलं असतं, पण ते कोरडे डोळे नाही. थंडीत एकदा धुक्याच्या फेरीत दादाने हातमोजा न घालता तापलेल्या झडपेला हात लावला. कातडं सोललं, आणि ते त्याला भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनने दाखवल्यावर कळलं. धाकटीने हाताला मलम लावलं आणि मलम लावता लावताच बजावलं, "भाऊजी, ड्रायव्हरचं मन जागेवर नसताना त्याच्यामागे मी माणसांनी भरलेले डबे बांधणार नाही. एक चूक झाली की शेडची किल्ली माझ्याकडे."

"बरं," दादा म्हणाला.

बरं काय, हे आम्हाला माहीत होतं. किल्ली गेली की त्याच्याकडे उरणार काय? घरी तो फक्त आडवा व्हायला जायचा, आणि तेही स्वयंपाकघरातल्या बाकावर. आतल्या खोलीचं दार त्याने ओढून घेतलं होतं ते घेतलंच होतं. फायरमनला तो एकदा म्हणाला होता की भट्टीपुढे बसलं की निदान गरम-गार तरी कळतं. हा फायरमन वर्षानुवर्षं त्याच्यासोबत. आम्ही त्याला घुबड म्हणतो, कारण तो एका फेरीला एक शब्द बोलतो. दादाचं हे वाक्य आमच्यापर्यंत आणायला त्याला अख्खा महिना लागला.

वसंत आला. डोंगर फुलांनी भरला, डब्यांतून लोक ओरडत होते, हे बघा, ते बघा. दादा रुळांकडे बघत होता. उन्हाळ्यात एका हौशी बाईंनी त्याला रानफुलांचा गुच्छ दिला. त्याने तो कोळशावर ठेवला, आणि चढावर घुबडाच्या फावड्यातून तो भट्टीत गेला. मी ही गोष्ट गावभर केली. दादाने मान हलवली.

मग यंदाची पानगळ आली आणि ती चूक झाली.

हवा अशी स्वच्छ की गाडीवेडे अगोदरच अर्धे बेभान झाले होते. फोटोथांब्याला सगळे उतरले. कुणी पुढे घुसू नये म्हणून दोरी धरायला गार्डसाहेब उतरले. मांजरवाल्याला चहा हवा होता आणि त्याला काठी सोडवेना, म्हणून किटली घेऊन धाकटीही उतरली. मीही उतरलो, नाहीतर हे तुम्हाला सांगितलं कोणी असतं? गाडीत राहिले दोघेच, दादा आणि घुबड.

गाडी मागे गेली आणि आली. काय आली म्हणून सांगू. डोंगर हादरला, धुराने ऊन झाकलं, आणि गाडी आमच्यासमोरून जी गेली ती वेग कमी न करता गेली. एरवी शेवटी ब्रेक लागतात आणि त्या करकरीने रेकॉर्डिंगचा विचका होतो. आज करकर नाही. आवाज लांब, आणखी लांब, मग बोगद्याआधीची शिट्टी, आणि शांत. मांजरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या.

"येईल," गार्डसाहेब म्हणाले. जरा वेळाने म्हणाले की आता यायला हवी. आणखी जरा वेळाने त्यांनी झेंडा उलगडला आणि रिकाम्या रुळांना हिरवा दाखवला. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

तिकडे वरच्या स्टेशनावर गाडी अगदी वेळेवर पोचली. दादा उतरला, इंजिनाला पाण्याचा पाइप लावला, तेल घालू लागला. तिथला सांधे बदलणारा पॉइंट्समन सांगतो, त्याने एकेक डबा डोकावून पाहिला. पिशव्या आहेत, कोट आहेत, अर्धवट खाल्लेली सफरचंदं आहेत, माणूस नाही. दादा, माणसं कुठायत, असं त्याने विचारलं. दादा डब्यांकडे बघत राहिला. मग झारी खाली ठेवली आणि म्हणाला, "खाली."

तो लगेच गाडी मागे घेऊन आला, तरी तोवर उतारावरचं ऊन गेलं होतं आणि किटली रिकामी झाली होती. तक्रार एकानेही केली नाही. उलट चढताना एकाने विचारलं की पुढच्या वर्षीही असं करता येईल का. धाकटी मात्र रिकामी किटली आपटून चढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. ऑफिस म्हणजे शेडला लागून एक खोली. टेबल, लोखंडी कपाट, चार न जुळणाऱ्या खुर्च्या. मला बोलावलं नव्हतं, पण दाराच्या बिजागरीला तेल घालायचं बरेच दिवस राहिलं होतं. दादा राखेची पेटी साफ करता करताच उठून आला होता. आत आला आणि कुणी मागायच्या आधी त्याने शेडची किल्ली टेबलावर ठेवली.

"किल्लीचं नंतर," धाकटी म्हणाली. "आधी सांगा, का गेलात?"

दादाने विचार केला. "फडकं दिसलं," तो म्हणाला.

"कसलं फडकं?"

"थांबायच्या जागी आलो, मागे बघितलं. चहाच्या डब्याच्या दारात पिवळं हललं. म्हणजे सगळे चढले. निघालो."

गार्डसाहेब उठून उभे राहिले. गाडी सोडतो तो झेंडा, आणि तो माझ्या हातात होता, असं ते जरा चढ्या आवाजात म्हणाले.

"तुमचा झेंडा मी कधी बघितलाच नाही, साहेब," दादा म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाला. इतकी वर्षं झेंड्याला इस्त्री करणारा माणूस हळूच खाली बसला.

"मलाही दिसलं," कोपऱ्यातून घुबड म्हणालं. पुढच्या फेरीचाही शब्द त्याने तिथेच खर्चून टाकला.

धाकटी टेबलाकडे बघत होती. मग टेबलालाच सांगावं तसं तिने सांगितलं. त्या सकाळी कपांची फळी आवरताना मागे ताईचं फडकं सापडलं. टाकवेना, आणि परत कोंबून ठेवावंसंही वाटेना. म्हणून धुतलं आणि दाराच्या दांड्याला बांधलं वाळायला. गाडी समोरून गेली तेव्हा उतारावरून तिला ते फडफडताना दिसलं होतं. तेव्हा एवढंच मनात आलं होतं की आता याला काजळी लागणार.

तिने कपाट उघडलं, फडकं काढलं आणि किल्लीशेजारी ठेवलं. पुन्हा धुतलेलं, स्वच्छ, घडी घातलेलं. दादाने ते उचललं. हात राखेने आणि तेलाने बरबटलेले, आणि हातात कापड आलं; त्याने ते पुसले. बोटं, मग तळवे, मग पुन्हा बोटं, शेडमधल्या कुठल्याही चिंधीला पुसतो तसे. आम्ही बघत राहिलो. वहिनींच्या हयातीत त्या फडक्याला हात लावायची त्याला मुभा नव्हती. त्याच्यासाठी त्यांनी वेगळं गोणपाट टांगून ठेवलं होतं, आणि चुकलाच तर अख्खी गाडी ऐकेल असा उद्धार व्हायचा.

हात पुसून झाल्यावर त्याला फडकं दिसलं. त्याने ते उलगडलं. काळ्या बोटांचे ठसे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आता ओरडेल," तो म्हणाला.

धाकटीने खिडकीकडे तोंड केलं आणि तशीच म्हणाली, "ओरडू दे, भाऊजी."

मग तिने मागे न बघता एका बोटाने किल्ली त्याच्याकडे सरकवली. "थंडीच्या फेरीला झेंडा बघायचा. गार्डसाहेबांचा. हिरवा."

"बघेन."

दादाने किल्ली घेतली आणि फडक्यासकट बाहेर गेला. सलूनवाला माझी वाटच बघत होता. खुर्चीत बसवून, गळ्याभोवती कापड आवळून त्याने विचारलं, शेवटी रडला का? वर्षभर मी त्याला दादाच्या नावावर काय काय पुरवलं होतं. त्याला खात्री होती, आजही तिखटमीठ मिळणार.

नाही, मी म्हटलं. नळावर गेला. हात तसेच ठेवले आणि फडकं धुतलं.