चोविसात एकविसावे

माझा धाकटा दीर विलायतेहून परत आला तो श्रावणात, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकल्यावर. वेळ बरोबर साधली होती त्याने. शिकायला म्हणून गेला आणि तिथल्या कुठल्याशा गिरणीच्या गावात सुताची मशिनं पुसून आला. घरात हे कोणी बोलत नसे. आमच्या खोऱ्यात विलायत बघितलेला तो एकटाच, म्हणून लोक येता-जाता रामराम घालत. तो नुसती मान हलवायचा, जसं काही मुळशीचं धरण यानेच बांधलंय.

बरं, येताना आणलं काय? तर एक फुटबॉलचा क्लब. त्या गिरणीच्या गावाचा, चौथ्या वर्गातला. त्याखाली पाचवा वर्गच नव्हता. पगार घेऊन खेळणारे गडी, आणि बहुतेक शनिवारी हरायचे. दीर मात्र ‘आम्ही’ म्हणायचा. “या वर्षी आम्ही वर चढणार, वहिनी!”

तिथला एक सोबती त्याला वर्तमानपत्रांचा गठ्ठा बोटीने पाठवी. तो पौडच्या पोस्टात पोचेपर्यंत दीड महिना उलटलेला असे. भात कापणीला आलं, खळ्यावर माणूस मिळेना, आणि हा निघाला पौडला. संध्याकाळी देवळापुढे बसून मोठ्याने वाचायचा. ऐकणारेही तसलेच.

“आता कितवं?” कोणीतरी विचारी.

“एकोणिसावे.”

“आन् समदे किती हायेत?”

“चोवीस.”

“मंग लई मागं न्हाई,” असं म्हणून मंडळी समाधानाने उठत. दीड महिन्यापूर्वी हरून झालेल्या सामन्यांसाठी माझ्या सासूबाई सोमवार धरत होत्या. त्यांना कोणी समजावायच्या भानगडीत पडलं नाही. मीही नाही, कारण त्यांना समजलं असतं तरी त्यांनी उपास सोडले नसते.

भात निघाल्यावर त्याला गावाची टीम काढायची लहर आली. आमचंच कापलेलं खाचर मैदान म्हणून घेतलं. भाताचे खुंट सुयांसारखे उभे, गडी सगळे अनवाणी. पायात बूट एकट्या दिराच्या, आणि तो बांधावर उभा राहून इंग्रजीत ओरडत होता. घटकाभरात आमच्या शेतावरच्या गड्याच्या तळव्यात खुंट घुसला. तो लंगडत बांधाशी आला.

“दादा, न्हाई जमायचं. रगात आलंय.”

“तिकडे बर्फात खेळतात! रक्त आलं म्हणून कोणी थांबत नाही.”

मी जेवण घेऊन आले होते. म्हटलं, “मग तुम्ही उतरा ना, भाऊजी. पायात बूट आहेत तुमच्या.”

“मी मॅनेजर आहे, वहिनी. मॅनेजर खेळत नसतो.”

गड्याच्या पायावर हळद मी दाबली. पुढचे आठ दिवस त्याची कामं यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, केली. मॅनेजरांनी त्याच्या खोपीकडे ढुंकून पाहिलं नाही.

ज्येष्ठात मोसमाचा शेवटचा गठ्ठा आला. त्या दिवशी तो पौडहून परतला तो थेट माळ्यावर चढला आणि पांघरूण घेऊन पडला. जेवेना, बोलेना. सासूबाईंनी शिडीखाली गळा काढला, “कोण गेलं रं बाळा? मला तरी सांग!”

“आम्ही एकविसावे आलो,” वरून आवाज आला.

हळूहळू उलगडा झाला. शेवटच्या चौघांना म्हणे बाकीच्या क्लबांपुढे अर्ज करावा लागतो, की आम्हाला राहू द्या. मग ते मतं देतात. मतं पडली नाहीत तर बाहेर. तो निकाल यायला आणखी महिना लागणार होता. तोवर हा घरात सुतक असल्यासारखा वागला आणि सासूबाईंनी त्याला तूपभात भरवला.

निकाल आला तेव्हा आवणी ऐन भरात होती. पाऊस कोसळत होता, ओढा फुगलेला, तरी हा पौडला जाऊन आला. येताना पेढे आणले.

“ठेवून घेतलं आम्हाला! सगळ्यांनी मतं दिली!”

हे नुकतेच खाचरातून आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी पेढा घेतला नाही.

“मंजी खेळून न्हाई, पाया पडून ऱ्हायले,” हे म्हणाले.

“तुला नाही कळायचं, दादा.”

“व्हय, न्हाई कळायचं. उद्या आवणीला ये.”

आला बिचारा. पुढ्यातली चार रोपं लावून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रांगेतल्या बायका त्याला मागे टाकून पुढे गेल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. दुपारच्या आत तो घरी, आणि आठवडा संपायच्या आत पुण्याला मामांकडे. मामांनी कुठल्यातरी कचेरीत चिकटवला. जाताना मी दह्याची कवडी हातावर ठेवली. मला कसलंही वाईट वाटलं नाही.

पुढे पुण्यातच त्याचं लग्न ठरलं. बैठकीत मुलीच्या वडिलांनी विचारलं, “विलायतेत काय करत होता आपण?”

“व्यावसायिक फुटबॉलमध्ये होतो,” तो म्हणाला, “व्यवस्थापनाच्या बाजूला.”

“वा!” म्हणून त्या गृहस्थांनी मान डोलावली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाचं तबक पुढे सरकवलं.