पायावरून एकही तक्रार नको

किस्से काही ठरवून जमत नाहीत. रोज चार ओळींची डायरी लिहायची माझी जुनी सवय. लिहिताना दर वेळी वाटायचं, आज काही विशेष नाही. आता पन्नाशीला टेकल्यावर त्याच वह्या चाळते, तर तरुणपणीच्या निम्म्या पानांवर माझा डावा पायच पाय! आणि तो मुळात माझा नाहीच.

शाळेत असताना हाडाच्या गाठीमुळे तो गुडघ्याखालून काढावा लागला. तेव्हापासून नकली. चोविसाव्या वर्षी ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका लॅबमध्ये लागले. मला घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम हवं होतं. काउंटरला बसलं की येणारा प्रत्येक जण आधी पायाकडे बघणार, मग "च्च" करणार आणि मग रिपोर्ट मागणार. मला दिवसभर "च्च" ऐकायचं नव्हतं.

लॅबचे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, फार विचार करून म्हणाले, "प्रज्ञा, महिनाभर बघू. पण पायावरून एक जरी तक्रार आली, तर काउंटर. मग चर्चा नाही."

कलेक्शनला, म्हणजे घरोघरी रक्त घ्यायला, आधीपासून मंगेश होता. दोन पाय आणि एक बाइक असलेला. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊस. तू काउंटरला गेलीस की तुझे पेशंट मी बघीन."

धीर द्यायची त्याची पद्धतच तशी!

*

पहिल्याच आठवड्यात नौपाड्यात एका काकूंकडे गेलेले. काकूंनी दारातच अडवलं. "चपला-बूट बाहेर!"

आता यात एक अडचण असते. नकली पाऊल बुटाच्या टाचेच्या मापाने बसवलेलं असतं. बूट काढला की मी मागे झुकते, कोणीतरी ढकलत असल्यासारखी. म्हणून घरात घालायचा स्वच्छ जोड मी पिशवीत ठेवायचे. त्या दिवशी तो नेमका कोपरीला घरी राहिलेला.

समजावून सांगावं की नाही? पण तक्रारीची भीती! दाराशी स्टूल होतं, त्यावर बसले आणि बूट ओढायला लागले. निघेना. जोर लावला. निघाला. बुटात पाऊल होतं आणि पावलाला पोटरी होती! पाय बांधायचा पट्टा सैल झाला होता.

लाजेने माझं डोकंच चालेना. हे रोजचंच आहे अशा थाटात मी तो अख्खा पाय चपलांच्या रॅकला नीट टेकवून ठेवला.

काकूंनी एकदा रॅककडे बघितलं. मग म्हणाल्या, "अगं, एवढं नव्हतं काढायला सांगितलं!"

दुपारी सरांना काकूंचा फोन आला. मी जवळ जाऊन कान दिला. काकू म्हणत होत्या, "मुलगी फार आज्ञाधारक आहे हो तुमची."

*

पाचपाखाडीतली चिनू. वय वर्षं सहा. सुई बघून पलंगाखाली शिरली ती बाहेर येईना. आई, आजोबा, चॉकलेट, सगळे उपाय थकले.

मग मला अक्कल सुचली. सलवार वर केली, एक जुनी टाचणी घेतली आणि पोटरीच्या मऊ आवरणात कचकन खुपसली. "बघ! ताईला दुखलं का?"

चिनू बाहेर आली. तिने स्वतः दोनदा टोचून खात्री केली आणि हात पुढे केला. मी लॅबमध्ये येऊन मंगेशला म्हटलं, "मुलांना हाताळायला कसब लागतं!"

दुसऱ्या दिवशी चिनूच्या आईचा फोन. नशीब, लॅबचा फोन मीच उचलला.

"अहो ताई, हिने सकाळी आजोबांच्या पायात टाचणी टोचली! ते केवढ्याने ओरडले! आणि ही म्हणते, आजोबा नाटक करतात!"

कसबाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

*

एका सोसायटीत लिफ्ट बंद. मी चौथ्या मजल्यापर्यंत आरामात चढते, फक्त वेळ लागतो. पण वॉचमनने मला बघितलं आणि गहिवरून दोन पोरांना हाक मारली. "अरे उठाव मॅडमला!"

नको नको म्हणेपर्यंत प्लास्टिकची खुर्ची आली. खरं सांगते, दुसऱ्यांदा "नको" म्हणताना माझा आवाज बारीक झाला होता. पालखीत बसल्यासारखी बसले. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. मी एकदोघांना हातसुद्धा केला!

वर पोचून बेल वाजवली, तर भलतंच घर. माझा पेशंट ए विंगमध्ये. मला चढवलेलं बी विंगमध्ये. वळून बघते तर पोरं खुर्चीसकट गायब!

चार मजले उतरून वॉचमनला म्हटलं, "अहो, चुकीच्या विंगला नेलंत."

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढ्या खुशीत बसलेल्या, मी म्हटलं कशाला विचारायचं!"

*

लग्नाच्या बाबतीतही पायाने मला संधी दिली होती. कळव्याच्या एक मावशी रक्त देता देता म्हणाल्या, "माझा भाचा आहे. कल्याणला स्वतःचं दुकान. त्याला उजवा पाय नाही गं. तुझा कुठला?"

"डावा."

मावशींचा चेहरा उजळला. "अगं बाई! म्हणजे तुम्हा दोघांत बुटांचा एकच जोड पुरेल!"

दोघांच्याही नकली पायांना बूट लागतोच, हे त्यांना सांगणार होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "नंबर काय तुझा?"

"पाच."

"अरेरे. त्याचा नऊ."

स्थळ तिथेच मोडलं. पत्रिका बघायचीसुद्धा वेळ आली नाही!

*

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोपरीच्या खाडीकडच्या कोळीवस्तीतून बोलावणं आलं. तिथल्या एका आजींचा पाय साखरेमुळे सडत चालला होता. हॉस्पिटलने सांगितलेलं, पाय काढा, नाहीतर जीव जाईल. आजी ऑपरेशनला तयार नव्हत्या. रक्तही देत नव्हत्या. सरांनी बजावलं, "तिथे तुझा पाय झाकून ठेव. घाबरतील."

मी आत गेले तोच आजी कडाडल्या, "चल नीग! पाय कापा, पाय कापा! तुमाला काय जातंय बोलाया?"

दारात त्यांची सून पदराने डोळे पुसत होती. मी सरांचं ऐकलं नाही. सलवार वर केली.

आजींनी मला जवळ बोलावून, नारळ वाजवून बघावा तशी नडगीवर टकटक केली.

"पोकल हाय काय गो?"

"हो, आजी."

"हा लावून मावरा इकता येल?"

"मासे तर बसूनच विकायचे ना?"

"इकते बसून, पन भांडते उभी र्‍हाऊन!" आजी म्हणाल्या. "भांडताना उभं र्‍हाता येल काय?"

"मी तर रोजच उभी राहते."

आजींनी बाही वर सारली. "घे रगत."

ऑपरेशनपर्यंत रोज सकाळी साखर तपासायची होती. मी जात राहिले. पण महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी माझा तो सैल पट्टा तुटला. पाय दुरुस्तीला गेला आणि मी कुबड्या घेऊन काउंटरला बसले. आजींकडे मंगेश गेला.

थोड्या वेळाने लॅबचा फोन वाजला. सरांच्या हातात ग्लोव्हज होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"डाक्टर काय? मना तक्रार करायची हाय!"

"बोला आजी. कशाबद्दल?"

"पायाबद्दल!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आधीच काउंटरला बसलेले, म्हणजे शिक्षेसाठी उठायचीही गरज नव्हती!

"आज धाडलास त्या पोराला दोन पाय हायेत!" आजी ओरडत होत्या. "त्याला काय ठावं? मी रगत देनार नाय. माजी एका पायाची पोरगी धाड!"

फोन आपटला गेला. तेवढ्यात मंगेश रिकामी ट्यूब घेऊन दारात उभा.

सरांनी त्याच्या दोन्ही बुटांकडे नीट बघून घेतलं.

"मंगेश, पायावरून तक्रार आली आहे," ते म्हणाले. "उद्यापासून काउंटर."